मोटारीतील उसनी ऊब : हीटर थंड हवा का फेकतो?

१/ पौषातील पहाट. कुरखेडा तालुक्याच्या जंगलपट्ट्यात या दिवसांत पारा अनेकदा दहा अंशांच्या आसपास उतरतो. वडशाहून रेल्वे गाठायची असो वा रुग्णाला गडचिरोलीला न्यायचे असो, चालक हीटर लावतो आणि अंगावर गार वारा येतो. ही केवळ गैरसोय वाटते. पण तो इंजिनाने दिलेला इशाराही असू शकतो. हे असे का, याचे उत्तर मोटारीच्या इतिहासात आहे.

२/ पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या नेहमीच्या मोटारीत हीटर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. इंधनातील उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच उपयोगी कामात येतो. बाकीची धुरावाटे आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यावाटे वाया जाते. हीटर या वाया जाणाऱ्या उष्णतेतून थोडी ऊब उसनी घेतो. सावकाराकडेच काही नसेल, तर उसने मिळणार कोठून?

३/ १८८६ साली कार्ल बेंझ यांनी पेटंट घेतलेल्या मोटारीत इंजिनाभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई व ते सतत भरावे लागे. १९०० साली विल्हेल्म मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर सिद्ध केला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. त्यामुळे थोडेच पाणी पुनःपुन्हा फिरवून इंजिन थंड राखणे शक्य झाले.

४/ प्रवासी मात्र कुडकुडतच राहिले. गाड्या उघड्या होत्या. जाड पांघरुणे आणि पायाशी ठेवलेली निखाऱ्यांची पेटी हाच आधार. ‘कारचा हीटर मार्गारेट विल्कॉक्स यांनी १८९३ साली शोधला’ असे समाजमाध्यमांवर वारंवार वाचायला मिळते. शिकागोच्या विल्कॉक्स यांचे त्या वर्षीचे पेटंट खरे आहे. पण त्यातील ‘कार’ म्हणजे रेल्वेचा डबा. अमेरिकन इंग्रजीत तेव्हा या शब्दाचा तोच अर्थ रूढ होता.

५/ बंद गाड्या आल्यावर प्रथम धुराच्या नळीची उष्णता वापरली गेली. १९२९ च्या सुमारास फोर्डच्या ‘मॉडेल ए’मध्ये तापलेल्या नळीभोवतीची हवा आत सोडण्याची सोय मिळे. ऊब लगेच येई. परंतु नळीला चीर गेली, तर त्याच वाटेने कार्बन मोनॉक्साइड हा जीवघेणा वायू प्रवाशांपर्यंत पोहोचण्याचा धोका असे.

६/ १९३८ साली अमेरिकेतील नॅश कंपनीने बाहेरची हवा गाळून, इंजिनाच्या गरम पाण्यावर तापवून, पंख्याने आत सोडणारी रचना बाजारात आणली. आजच्या हीटरचे तत्त्व तेच आहे : डॅशबोर्डमागे एक छोटा रेडिएटर, त्यातून फिरणारे इंजिनाचे गरम पाणी आणि त्यावरून वारा घालणारा पंखा.

७/ या साखळीचा द्वारपाल म्हणजे थर्मोस्टॅट. १९३० च्या दशकात सर्जियस वर्नेट यांनी मेणावर चालणारा थर्मोस्टॅट प्रचारात आणला. पाणी साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापले की मेण वितळून फुगते आणि रेडिएटरची वाट उघडते. तोवर पाणी इंजिनातच फिरते व लवकर तापते.

८/ दुसरा घटक कूलंट. अमेरिकेत १९२७ पासून ‘प्रेस्टोन’ या नावाने इथिलिन ग्लायकॉल विकले जाऊ लागले ते पाणी गोठू नये म्हणून. पुढे त्यात गंजरोधक द्रव्येही आली. आपल्याकडे मात्र ‘इथे कुठे बर्फ पडतो?’ या तर्काने साधे पाणी भरण्याची सवय रुजली.

९/ जीप, अ‍ॅम्बॅसिडर, फियाट या गाड्यांच्या काळात मैदानी मुलखातील चालकाला चिंता होती ती उन्हाळ्याची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या ४५ अंशांच्या उन्हात इंजिन तापू नये म्हणून अनेक मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकीत. हीटर फारसे कोणी लावीत नसल्यामुळे त्याचे परिणाम लपून राहिले. आजचा थंड हीटर हे पुष्कळदा याच दोन सवयींचे फळ असते.

१०/ म्हणून तपासणीचा क्रमही हाच. इंजिन तापायला आठ-दहा मिनिटे द्या. डिझेल गाडीला अधिक वेळ लागतो. मग तापमानाचा काटा पाहा. बराच वेळ चालवूनही तो तळाशीच राहिला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा काढलेला आहे, असा संशय घ्यावा. अशा गाडीला इंधन जास्त लागते आणि इंजिनाची झीजही वाढते.

११/ काटा नेहमीपेक्षा वर चढतो आहे आणि हीटर मात्र गार, ही सर्वांत गंभीर स्थिती. कूलंट कमी झाले असेल किंवा पाण्याच्या मार्गात हवा धरली असेल. गाडी तत्काळ थांबवा, इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. आतले पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वरही द्रवरूपात असते आणि झाकण सैल होताच उसळून भाजते. पूर्ण निवल्यावरच पातळी पाहा.

१२/ काटा व पातळी दोन्ही ठीक असतील, तर हीटरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्या पंख्यापासून हात दूर ठेवून सावधपणे चाचपाव्यात. दोन्ही गरम : हवेची झडप किंवा तिचे बटण बिघडलेले. एक गरम, एक गार : हीटरचा छोटा रेडिएटर गंजाने वा क्षाराने तुंबलेला, किंवा पाण्याचा व्हॉल्व्ह बंद. दोन्ही गार : पाणी तिथवर पोहोचतच नाही. आत गोडसर वास येत असेल व काच आतून चिकट धुरकटत असेल, तर हीटर गळतो आहे.

१३/ गळालेले कूलंट उघड्यावर सोडू नये. ते चवीला गोड पण विषारी असते. कुत्री व गुरे ते चाटतात.

१४/ विजेच्या मोटारीत अशी वाया जाणारी उष्णता फारच थोडी, म्हणून तिथे ऊब बॅटरीतून विकत घ्यावी लागते. इंजिनाच्या मोटारीत मात्र ती फुकट आहे. अट एवढीच की पाणी पुरेसे असावे आणि फिरते असावे. कोरचीच्या रस्त्यावर पुढचे गॅरेज कित्येक किलोमीटर दूर असते. तिथे हीटरचा गार वारा अंगावर आला, तर शाल ओढून घेण्याआधी काट्याकडे नजर टाकावी.

(समाप्त)