प्रेक्षकांची माहिती आणि नेटफ्लिक्सची स्पर्धात्मक आघाडी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

ग्राहकाची नोंद ठेवणे ही व्यापारातील जुनीच रीत होय. किराणा दुकानदाराच्या वहीत गिऱ्हाइकाच्या उधारीबरोबर त्याच्या घरची गरजही उमटत असे. मात्र अशा नोंदीलाच भांडवलाचे स्वरूप कसे प्राप्त झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिकेतील नेटफ्लिक्स या कंपनीच्या संदर्भात केला आहे.

शिफारस पद्धतीचा उगम

रीड हेस्टिंग्ज व मार्क रँडॉल्फ यांनी १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन केलेल्या या कंपनीने १९९८ पासून टपालाने डीव्हीडी भाड्याने देण्यास प्रारंभ केला. नव्या चित्रपटांना मागणी अधिक, पण प्रती मर्यादित, ही तिची अडचण होती. २००० मध्ये सुरू झालेली 'सिनेमॅच' ही शिफारस पद्धती सभासदांनी दिलेल्या ताऱ्यांवरून त्यांना रुचतील असे जुने चित्रपट सुचवू लागली. ग्राहकाची सोय आणि साठ्याचे नियोजन असे दोन्ही हेतू त्यातून साध्य झाले.

पारितोषिक व त्याचे परिणाम

अंदाजातील चूक १० टक्क्यांनी कमी करणाऱ्यास १० लाख डॉलर देण्याची घोषणा कंपनीने ऑक्टोबर २००६ मध्ये केली. त्यासाठी ४,८०,१८९ सभासदांनी १७,७७० चित्रपटांना दिलेली १० कोटींहून अधिक गुणांकने खुली करण्यात आली. २००९ मध्ये पारितोषिक दिले गेले; परंतु विजेती पद्धती संपूर्णपणे वापरात आलीच नाही. दरम्यान, २००७ पासून इंटरनेटवरून थेट चित्रपट दाखविण्यास आरंभ झाला होता. आता प्रेक्षक काय म्हणतो यापेक्षा तो काय पाहतो, कोठे थांबतो, काय अर्ध्यावर सोडतो, हे कळू लागले. २०१३ मधील 'हाउस ऑफ कार्ड्स' या मालिकेच्या २६ भागांची हमी आधीच देताना अशाच माहितीचा आधार घेतल्याचे कंपनीने सांगितले. पुढे २०१७ मध्ये ताऱ्यांची पद्धतही बंद झाली.

या आघाडीची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. खुल्या केलेल्या माहितीत नावे नव्हती. तरीही अन्यत्र उपलब्ध असलेल्या गुणांकनांशी ताडून काही व्यक्तींची ओळख पटविता येते, असे अरविंद नारायणन व विताली श्मातिकोव्ह यांनी २००८ मध्ये सिद्ध केले. न्यायालयीन दाव्यानंतर दुसरी स्पर्धा २०१० मध्ये रद्द करावी लागली. चित्रफीत भाड्याने घेणाऱ्याची नोंद गोपनीय ठेवणारा कायदा अमेरिकेत १९८८ पासूनच होता, हे येथे उल्लेखनीय आहे.

निष्कर्ष

केवळ माहितीमुळे यश मिळाले, असे म्हणणे एकांगी ठरेल. मालिकेच्या यशात लेखक, दिग्दर्शक व नट यांचाही वाटा असतोच. शिवाय माहितीच्या सामर्थ्याविषयीचे बहुतेक दावे त्या माहितीच्या मालकानेच केलेले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने १८ हजारांहून अधिक शीर्षकांचे पाहिले गेलेले तास प्रसिद्ध केले. पण ते का पाहिले गेले, याचे दप्तर बंदच राहिले. प्रतिस्पर्ध्याला चित्रपट विकत घेता येतो, असे दप्तर घेता येत नाही. आघाडीचे खरे मर्म यातच आहे. ज्या प्रेक्षकांच्या नोंदींतून हे दप्तर उभे राहिले, त्यांचा त्यावर अधिकार कोणता, हा प्रश्न मात्र इतिहासाच्या अभ्यासकालाही टाळता येणार नाही.