तळटीप : कोळशाचा वाहक पट्टा आणि त्याची झीज

उधवा-तलासरीचा टापू दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा असल्याने तिथे कोळशाच्या खाणी नाहीत. त्यामुळे मूळ मजकुरात अभिप्रेत असलेला कन्व्हेयर, म्हणजे वाहक पट्टा, डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्रातला असून तो प्रत्येकी २५० मेगावॅटच्या दोन संचांसाठी रेल्वेने आलेला कोळसा पुढे नेतो. पट्ट्याच्या झिजेसाठी घर्षणाला सरसकट दोष देणे योग्य नाही, कारण चालक ड्रमची रबरावर पकड नसेल तर पट्टा हलणारच नाही, आणि म्हणूनच ड्रमवर लॅगिंग नावाचे खाचांचे रबरी आवरण चढवतात. झीज मुख्यतः भरणीच्या जागी होते, जिथे चूटमधून, म्हणजे तिरप्या घसरणीतून, पडलेला कोळसा पट्ट्याचा वेग पकडेपर्यंत त्यावर घासत राहतो. कोळसा स्वतः तसा मऊच असतो. खरे ओरखडे काढतो तो भारतीय कोळशातल्या भरपूर राखेच्या अंशात असलेला क्वार्ट्‌झ, ज्याची मोह्स मापनावरील कठिणता ७, म्हणजे साध्या पोलादापेक्षा अधिक असते. परतीच्या बाजूला चिकटून राहिलेली भुकटी रोलरांवर साचून ते अडकतात आणि अडकलेल्या रोलरवर पट्टा घासून तापला की आगीचाही धोका संभवतो. ती भुकटी खरवडणाऱ्या स्क्रेपरच्या स्वस्त पात्याकडे मात्र बहुधा सर्वांत शेवटी लक्ष जाते. – संपा.