ध्वज, मैदान आणि प्रेक्षक

राष्ट्रभावनेचा इतिहास सामान्यतः चळवळी, ठराव आणि कारावास यांच्या आधारे लिहिला जातो. तीच भावना नित्याच्या जीवनात कशी मुरते, हे पाहावयाचे तर खेळाच्या मैदानाकडे वळावे लागते. जबलपूरच्या इतिहासात या दोन्ही वाटा एकमेकींजवळ येतात.

मार्च १९२३ मध्ये जबलपूरच्या टाऊन हॉलवर राष्ट्रीय ध्वज फडकविण्याच्या प्रश्नावरून झेंडा सत्याग्रहाला तोंड फुटले. पंडित सुंदरलाल यांना कारावास घडला. पुढे लढ्याचे केंद्र नागपूरला गेले आणि शेकडो स्वयंसेवकांनी शिक्षा पत्करल्या. त्या ध्वजामागे कायद्याचे बळ नव्हते. तो हाती धरणारांनी मोजलेल्या किमतीनेच त्याला मोल आले.

त्यानंतर तेरा वर्षांनी, १५ ऑगस्ट १९३६ रोजी, बर्लिन ऑलिंपिकमधील हॉकीचा अंतिम सामना झाला. याच जबलपुरात १९०८ साली जन्मलेले रूपसिंग त्या संघात होते. त्यांचे थोरले बंधू ध्यानचंद कर्णधार होते. संघ अधिकृतपणे ब्रिटिश हिंदुस्थानचा आणि कर्णधार त्याच सरकारच्या पलटणीतला. तथापि सामन्यापूर्वी, खेळाडूंच्या खोलीत, पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला व खेळाडूंनी त्याला वंदन केले. ही हकिकत ध्यानचंदांनी १९५२ च्या ‘गोल’ या आत्मचरित्रात नोंदविली आहे. ध्वजाचे रंग १९३१ साली बदलले होते. त्याच्याशी जोडलेली निष्ठा मात्र अभंग होती. जर्मनीचा ८-१ असा पराभव झाला.

या प्रसंगाचे मर्म विजयापेक्षा त्या वंदनात आहे. टाऊन हॉलवरील ध्वज जगाने पाहावा यासाठी होता, खोलीतील ध्वज कोणी पाहू नये असा होता. त्याला वंदन करणारांत टॅपसेल, ॲलन, जाफर आणि दारा होते. यांतील दारा यांनीच १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानचे नेतृत्व केले. त्यामुळे बर्लिनचे ते वंदन कोणत्याही एका धर्माच्या नावावर मांडता येत नाही, आणि पुढील फाळणीच्या मोजपट्टीने मोजताही येत नाही.

कोट्यवधींचा कल्पित समाज अकरा खेळाडूंच्या रूपाने प्रत्यक्ष भासू लागतो, असे एरिक हॉब्सबॉम यांनी १९९० च्या राष्ट्रवादविषयक ग्रंथात प्रतिपादिले. परंतु अशा समाजाला आपल्याच अकरांपैकी एकाला परका ठरविणेही सोपे जाते. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत पाकिस्तानकडून पराभव झाल्यावर समाजमाध्यमांवर मोहम्मद शमी यांच्यावर त्यांच्या धर्मावरून शिव्यांचा वर्षाव झाला. कर्णधार विराट कोहली उघडपणे त्यांच्या पाठीशी उभे राहिले, हेही इतिहासात नोंदले पाहिजे.

जबलपूरच्या सत्याग्रहींनी ध्वजाची किंमत स्वतः चुकती केली. आजचा प्रेक्षक ध्वज विनासायास मिरवितो आणि त्याची किंमत खेळाडूकडून वसूल करू पाहतो. नित्याच्या राष्ट्रभावनेचे मूल्यमापन करताना ती किती मोठ्याने व्यक्त होते यापेक्षा तिचा भार कोण वाहतो, हाच प्रश्न अगोदर विचारला पाहिजे.