लातूरची पाण्याची रेल्वे आणि पॅरिस करार: मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला जागतिक पर्यावरण कसं समजतं?

12 एप्रिल 2016. मिरजेहून निघालेली एक मालगाडी पहाटे लातूरला पोचली. तिच्या 10 वाघिणींमध्ये पाणी होतं, एकूण 5 लाख लिटर. बरोबर 10 दिवसांनी, 22 एप्रिलला, न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री प्रकाश जावडेकर यांनी भारताच्या वतीने पॅरिस करारावर सही केली.

पहिली बातमी लातूरच्या प्रत्येक घरात पोचली. दुसरी बातमी अनेक विद्यार्थ्यांना स्पर्धा परीक्षेच्या 'चालू घडामोडी'त भेटली.

पण या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे का? आणि असेल तर किती? नांदेड-लातूरमध्ये शिकणाऱ्या मुलामुलींसाठी जागतिक पर्यावरण समजून घेण्याची सुरुवात याच प्रश्नापासून होऊ शकते. म्हणून तो नीट समजून घेऊया.

पर्यावरण हा विषय अभ्यासक्रमात आला कसा?

5 जून हा जागतिक पर्यावरण दिन आपण शाळेपासून साजरा करतो. ही तारीख आली 1972 च्या स्टॉकहोम परिषदेवरून. ती परिषद 5 जूनला सुरू झाली होती आणि पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी तिथे भाषण केलं होतं. मराठवाड्यात मात्र 1972 म्हटलं की स्टॉकहोम नाही, दुष्काळ आठवतो. खडी फोडायची कामं, सुकडी, लाल मिलो ज्वारी. जग पर्यावरणावर पहिल्यांदा एकत्र बोलत होतं, त्याच वर्षी आपल्या आजी-आजोबांची पिढी दुष्काळी कामावर जात होती.

अभ्यासक्रमात हा विषय सक्तीचा झाला तो न्यायालयामुळे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर पर्यावरण शिकवण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा 2003 मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याचे डॉ. इराच भरूचा यांनी. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा विषय आहे.

म्हणजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या कुठल्याही शाखेच्या पदवीधराने ओझोन, आम्लवर्षा, जागतिक तापमानवाढ हे शब्द कधी ना कधी वाचलेले असतात. अडचण एवढीच की अनेकांसाठी ते शब्द परीक्षेपुरते उरतात. चित्रातलं अस्वल उत्तर ध्रुवावरचं असतं आणि वितळणारा बर्फही दूरचा.

2016 मध्ये काय घडलं?

लातूर शहराला पाणी मिळतं ते बीड जिल्ह्यात धनेगाव इथे असलेल्या मांजरा धरणातून. सलग दोन वर्षं पाऊस कमी पडला आणि धरण कोरडं पडलं. मार्च 2016 मध्ये भांडणं टाळण्यासाठी प्रशासनाने पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लागू केली. पाचपेक्षा जास्त लोकांनी तिथे एकत्र जमायचं नाही, असा आदेश होता.

लातूर हे शिकवण्यांचं शहर. 'लातूर पॅटर्न'मुळे मराठवाड्यातून मुलं-मुली इथे येऊन राहतात. त्या उन्हाळ्यात होस्टेल आणि खोल्यांमध्ये राहणाऱ्या मुलांनाही पाण्याचा हिशोब करावा लागला.

तो हिशोब आपणही करून पाहू. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे 3 लाख 83 हजार होती. पहिल्या गाडीचं 5 लाख लिटर पाणी सगळ्यांत वाटलं, तर माणशी सव्वा लिटरच्या आसपास येतं. नंतर 50 वाघिणींची गाडी सुरू झाली, 25 लाख लिटरची. तरी माणशी साडेसहा लिटर. म्हणजे अर्धी बादलीसुद्धा नाही.

पाऊस का पडला नाही?

इथे प्रशांत महासागर लातूरच्या गोष्टीत येतो.

2015 मध्ये तिथे तीव्र 'एल निनो' होता. विषुववृत्ताजवळचं समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं की वाऱ्यांची घडी बदलते आणि अनेकदा भारतातला मान्सून कमकुवत होतो. त्या वर्षी देशात मान्सूनचा पाऊस सरासरीपेक्षा 14 टक्के कमी झाला. मराठवाड्यातली तूट 40 टक्क्यांच्या आसपास होती. 1972 सुद्धा एल निनोचंच वर्ष होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. एल निनो म्हणजे हवामान बदल नव्हे. तो शेकडो वर्षांपासून येतो-जातो. हवामान बदल म्हणजे कोळसा, तेल, वायू जाळून माणसाने वाढवलेलं पृथ्वीचं सरासरी तापमान. 19 व्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत 2011 ते 2020 या दशकात ते सुमारे 1.1 अंश सेल्सिअसने जास्त होतं. एल निनो आता या आधीच तापलेल्या पृथ्वीवर येतो. त्यामुळे कोरड्या वर्षात जमीन लवकर सुकते आणि बाष्पीभवन वाढतं.

मग सगळा दोष हवामान बदलाचा?

नाही. आणि विद्यार्थ्यांची इथेच जास्त फसगत होते.

मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. तरी लातूर जिल्ह्याचं वार्षिक सरासरी पर्जन्यमान सुमारे 800 मिलिमीटर आहे. हे वाळवंटाचं पर्जन्यमान नाही. पण इथला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, पोटात फार पाणी साठवत नाही. अशा भागात पाणी कशासाठी वापरायचं हा निर्णय पावसाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

राज्याच्या एकूण पीकक्षेत्रापैकी उसाचा वाटा 4 टक्क्यांहून कमी, पण सिंचनाच्या पाण्यापैकी जवळपास 70 टक्के पाणी उसाला जातं, असं केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने नोंदवलं आहे. मांजरा खोऱ्यातही ऊस आणि साखर कारखाने आहेत. अर्थात शेतकरी ऊस लावतो त्यालाही कारण आहे. ठरलेला भाव आणि ठरलेलं गिऱ्हाईक त्याला इतर पिकांत सहसा मिळत नाही.

दुसरं कारण बोअर. राज्याच्या भूजल कायद्यानुसार शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा खोल बोअर घेण्यास मनाई आहे. लातूर परिसरात याच्या तिप्पट-चौपट खोल गेलेले बोअर सापडतात.

म्हणजे पाऊस कमी पडला तो एल निनोमुळे. पण शहर रेल्वेच्या पाण्यावर आलं, त्यात आपल्या निर्णयांचाही वाटा होता. 'हवामान बदल' हा शब्द कळणं ही जाणीव झाली. तो शब्द सबब म्हणून वापरला जातोय हे ओळखता येणं ही तिची पुढची पायरी.

आणि जास्त पाऊस पडला तर?

2016 च्याच पावसाळ्याच्या अखेरीस जोरदार पाऊस झाला आणि मांजरा धरण भरलं. ऑगस्ट 2025 मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली. लेंडी धरण परिसरातल्या गावांत पाणी शिरलं आणि बचावासाठी लष्कराला बोलवावं लागलं. पुढच्याच महिन्यात मराठवाड्याच्या अनेक जिल्ह्यांत सोयाबीनची उभी पिकं पाण्याखाली गेली.

यामागचं साधं विज्ञान असं: हवा 1 अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. मग पाऊस कमी दिवसांत, पण धो-धो पडण्याची शक्यता वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा 2017 चा अभ्यास सांगतो की 1950 ते 2015 दरम्यान मध्य भारतात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या.

तरीही एखाद्या गावातल्या एका पावसाकडे बोट दाखवून 'हा हवामान बदलच' असं लगेच म्हणता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र अभ्यास लागतो.

यात न्यायाचा प्रश्न कुठे येतो?

भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन वर्षाला सुमारे 2 टन आहे, अमेरिकेत सुमारे 14 टन. औसा किंवा मुखेडच्या कोरडवाहू शेतकऱ्याने हवा तापवण्यात फारसा हातभार लावलेला नाही, पण फटका त्याला बसतो. पॅरिस करारात श्रीमंत देशांनी पैसा आणि तंत्रज्ञान द्यावं, याची चर्चा यासाठीच होते. न्यूयॉर्कच्या त्या सहीचा लातूरशी संबंध आहे तो इथे.

हाच न्यायाचा प्रश्न जिल्ह्याच्या आतही विचारता येतो. धरणातलं पाणी आधी कुणाला मिळतं? टँकर कुणाच्या दारात थांबतो? हंडा कोण वाहतं, आणि त्यासाठी कुणाची शाळा बुडते?

विद्यार्थी स्वतः काय तपासू शकतात?

पर्यावरणाचा प्रकल्प म्हणजे नेटवरची चित्रं चिकटवलेली फाईल, असंच असायला हवं असं नाही. तीन गोष्टी कुणालाही करता येतील.

• पाऊस: कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर तालुक्याचा आणि मंडळाचा पाऊस मिळतो. एकूण आकड्याबरोबर पावसाचे दिवस मोजा. तेवढाच पाऊस कमी दिवसांत पडतोय का, ते पाहा.

• भूजल: भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. आपल्या तालुक्याचे आकडे पावसाच्या आकड्यांशेजारी ठेवा. पाऊस बरा होऊनही पाणी खाली जात असेल, तर कारण जमिनीवर शोधावं लागेल.

• आठवण: घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. 1972 मध्ये विहिरीला किती हातांवर पाणी होतं? गावात पहिला बोअर कधी पडला? तेव्हा शेतात कोणती पिकं होती?

परीक्षेत 'दुष्काळाची कारणे लिहा' असा प्रश्न येतोच. यापुढे उत्तर लिहिताना कागदावर दोन रकाने आखून पाहा: आभाळातून आलेली कारणं आणि आपण जमिनीवर केलेली कारणं. पहिल्या रकान्यासाठी जगाशी बोलावं लागेल. दुसऱ्यासाठी गावातली ग्रामसभा पुरेशी आहे.