कण उचलावा की ओढावा : घरी गाडी धुण्याच्या साधनांची निवड

कोरडी धूळ गाडीवर नुसती बसून राहिली तर रंगाचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते ती पुसताना. काळी किंवा गडद निळी गाडी उन्हात उभी असली, की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. गोल हात फिरवल्यामुळे त्या पडतात असा समज आहे, पण रेघा असतात सर्व दिशांना. ज्या प्रकाशाच्या दिशेला आडव्या असतात तेवढ्याच चमकतात, म्हणून वर्तुळ भासते. त्यामुळे ‘सरळ हात फिरवा’ हा सल्ला अपुरा आहे. हात कोणत्याही दिशेने फिरो, फडक्याखाली कण अडकला असेल तर रेघ पडणारच. साधने निवडताना म्हणूनच एक प्रश्न आधी विचारावा: ही वस्तू कण रंगावरून उचलते, की रंगावरून ओढते? चकाकी, सुगंध, फेस, किंमत या गोष्टी नंतरच्या.

या प्रश्नाला एवढे महत्त्व का, ते रंगाच्या रचनेवरून कळते. कारखान्यात पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर चढवतात. सगळे मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतात आणि त्यात क्लिअर कोट सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून हा थर किती पातळ आहे ते लक्षात येईल. उन्हातील अतिनील किरण अडवणारी द्रव्ये याच थरात असतात. रेघा घालवण्यासाठी पॉलिश करणे म्हणजे या थराचा पृष्ठभाग थोडा घासून कमी करणे. गेलेला थर कोणतेही वॅक्स परत आणत नाही. हिशेब सोपा आहे: रेघ न पडू देणे हे रेघ काढण्यापेक्षा नेहमीच स्वस्त.

आता धुळीकडे पाहू. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसॉल्टच्या काळ्या कातळावर वसला आहे. बांधकामात नदीच्या वाळूची जागा बरीचशी क्रश सँडने, म्हणजे याच कातळाच्या चुऱ्याने, घेतली आहे. बेसॉल्टमधील फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजे मोहच्या काठिण्यश्रेणीत ६ च्या आसपास येतात. खिडकीची काच साधारण साडेपाचवर असते, म्हणजे हे कण काचेवरही ओरखडा काढू शकतात. क्लिअर कोट तर काचेहून कितीतरी मऊ. शिवाय नदीची वाळू वाहून वाहून गोलावलेली असते, क्रशरमधून नुकत्याच निघालेल्या कणाच्या कडा मात्र धारदार असतात. पुण्यात किंवा नाशिकमध्ये शेजारच्या प्लॉटवर इमारत उभी राहत असेल, तर त्या काळात गाडी कोरडी पुसणे पूर्ण बंद ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कसोटीवर सर्वांत आधी बाद होतो तो सिग्नलवर मिळणारा पिवळा फडका. कापसाचा धागा कठीण नसतो, दोष त्याच्या सपाटपणात आहे. सपाट कापडात कणाला शिरायला जागाच नसते, तो कापड आणि रंग यांच्या मध्ये राहून दाबला जातो. सपाट स्पंजचेही तेच. उलट लोकरीचा किंवा शेवाळासारख्या लांब झुपक्यांचा मायक्रोफायबर हातमोजा घेतला, ज्याला दुकानात वॉश मिट म्हणतात, तर कण झुपक्यांच्या मुळाशी जातो आणि पृष्ठभागापासून दूर राहतो. तो पुढे बादलीत सोडवावा लागतो, म्हणून बादल्या दोन हव्यात: एक शाम्पूची, दुसरी नुसत्या पाण्याची. मिट आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. पाण्याच्या बादलीत तळापासून उंच बसणारी जाळी टाकली तर खाली बसलेली माती पुन्हा ढवळून वर येत नाही. छतापासून खाली येत जावे. दारांचा खालचा भाग आणि चाके यांना दुसरा, जुना मिट ठेवावा, कारण खरी खडी तिथेच असते.

शाम्पूबद्दल गैरसमज फार. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, तिच्या द्रावणाचा पीएच साधारण १० च्या पुढे जातो, आणि न विरघळलेले दाणे हे आणखी वेगळे संकट. भांड्यांच्या बारमध्ये घासण्यासाठीच खनिजाची भुकटी घातलेली असते, तो गाडीला लावूच नये. भांड्यांचे द्रव साबण एवढे घातक नाहीत. त्यांनी रंग उडत नाही, पण वॅक्सचा थर लवकर निघून जातो. गाडीच्या शाम्पूचा पीएच ७ च्या जवळपास असतो. मात्र त्याचे मुख्य काम निसरडेपणा देणे हे आहे. कण आणि रंग यांच्यामध्ये द्रावणाची पातळ फिल्म राहिली की कण घासण्याऐवजी घसरतो. फेस किती येतो यावरून हा गुण कळत नाही. सांगितलेल्या प्रमाणात द्रावण करून दोन बोटांमध्ये चोळून पाहावे. बुळबुळीत लागले तर शाम्पू कामाचा.

पुसण्याच्या कापडावर मी सर्वांत जास्त भर देईन, कारण रंगाशी सर्वाधिक संबंध त्याचाच येतो. मायक्रोफायबरचा धागा १ डेनिअरपेक्षा बारीक असतो, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे वजन १ ग्रॅमहूनही कमी. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचे प्रमाण ८०:२० किंवा ७०:३० असते. चांगल्या कापडात हा धागा उभा चिरून पाचरीसारख्या बारीक तंतूंत फोडलेला असतो, आणि त्या फटी कण व पाणी धरून ठेवतात. न चिरलेला धागा हात लावताना मऊ लागतो, पण पाणी नुसते पुढे ढकलतो. परीक्षा सोपी आहे: कोरड्या तळहातावर कापड हलके ओढावे. कातडीच्या खरबरीतपणाला ते किंचित अडकले पाहिजे. वजन जीएसएममध्ये, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम असे, छापलेले असते. काच आणि आतील भागांना ३०० ते ४०० जीएसएमचे आखूड लवीचे कापड पुरते, वॅक्स पुसायला थोडे जाड हवे, आणि गाडी कोरडी करायला ६०० च्या वरचे मोठे टॉवेल घ्यावे. लेबल वापरण्याआधीच कापून टाकावे. कडेची कडक शिलाईही रेघ पाडते, म्हणून बिनकाठाचे कापड बरे. हे कापड सुती कपड्यांबरोबर धुतले की त्यांची लव त्यात रुतते, आणि फॅब्रिक सॉफ्टनर घातले की धाग्यांवर थर चढून शोषण मंदावते. जमिनीवर पडलेले कापड त्या दिवशी रंगाला लावू नये.

पाणी हेही साधनच, आणि आपल्याकडे ते नीट निवडले जात नाही. बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब उन्हात वाळला की कार्बोनेटचा पांढरा डाग मागे उरतो. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांची इष्ट मर्यादा दर लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालते. म्हणजे पिण्यास मान्य असलेले पाणीही गाडीवर डाग पाडू शकते. आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी गाडीला वापरा, असा सल्ला अनेकदा ऐकू येतो. पाणी वाचवण्याचा हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. चाके आणि पहिली भिजवणी यांना ते चालेल, शेवटच्या धुण्याला नाही. एसीच्या नळीतून टपकणारे पाणी मात्र हवेतल्या बाष्पाचे असल्याने जवळजवळ क्षारमुक्त असते. ते गाळून स्प्रे बाटलीत भरावे आणि शेवटचा हात त्याने फिरवावा. ताजे डाग पातळ व्हिनेगरने निघतात. जुने रंगात खोल रुतलेले असतील तर पॉलिशशिवाय इलाज नाही.

प्रेशर वॉशर उपयोगी खरा, कारण हात लावण्याआधीच तो बरीच माती काढतो. पण खोक्यावर ‘बार’मध्ये दिलेल्या दाबाच्या आकड्याला भुलू नये. पंख्यासारखी पसरट धार, ४० अंशांचा नोझल आणि किमान फूटभर अंतर एवढे पुरते. दगड लागून रंग उडालेल्या जागी अरुंद धार मारली तर पापुद्रा सुटतो.

ज्या सोसायटीत पाइप लावायलाच बंदी आहे, किंवा उन्हाळ्यात टँकर येतात, तिथे रिन्सलेस वॉश ही माझ्या मते सर्वांत शहाणी खरेदी आहे. यातील पॉलिमर आणि पृष्ठक्रियाकारी द्रव्ये कणाभोवती निसरडे आवरण करतात आणि धुऊन काढावी लागत नाहीत. ऑप्टिमम नो रिन्स या प्रसिद्ध उत्पादनाचे प्रमाण १ भागाला २५६ भाग पाणी असे आहे, म्हणजे १० लिटर बादलीला सुमारे ४० मिलिलिटर. आठ-दहा लहान मायक्रोफायबर कापडे त्यात भिजवावीत आणि घड्या घालून प्रत्येक बाजू एकदाच वापरावी. वापरलेले कापड पुन्हा बादलीत बुडवू नये. पावसाळ्यात चिखलाने माखलेल्या गाडीवर ही रीत चालत नाही, तिथे आधी वाहते पाणी हवेच.

संरक्षक थरांच्या जाहिराती सर्वांत मोठ्या आवाजाच्या असतात. कार्नोबा वॅक्स ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडाच्या पानांपासून मिळते आणि ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. आपल्या उन्हात ते काही आठवड्यांत विरते. सिंथेटिक सीलंट आणि सिलिकॉन डायऑक्साइडचे स्प्रे जास्त टिकतात. सिरॅमिक कोटिंगवर ‘९एच’ असे लिहिलेले असते, ते पेन्सिलच्या काठिण्याच्या मापात असते. मोहच्या श्रेणीतील ९ हे कुरुंदाचे स्थान, त्याच्याशी याचा संबंध नाही. असा थर असला तरी क्रश सँड घासल्यावर रेघ पडणारच. थराचा खरा उपयोग घाण चिकटू न देण्यात आहे. आणि पाणी मोत्यांसारखे गोळा झाले तरी वाळताना क्षार तिथेच राहतो, त्यामुळे टॉवेल सुटत नाही.

रंगात रुतलेली घाण ओढून काढणारा क्ले बार आणि लोहकण काढणारे जांभळे होणारे द्रव वर्षातून एक-दोनदा पुरेत, तेही हात फिरवल्यावर धुतलेला रंग खरबरीत लागत असेल तरच. आंब्याला मोहोर आला की तुडतुड्यांचा चिकट स्राव खाली उभ्या गाडीवर पडतो. पक्ष्यांची विष्ठाही तशीच घाईची बाब, कारण तापलेल्या पत्र्यावर ती रंगात खोल डाग पाडते. गाडीत रिन्सलेस द्रावणाची एक स्प्रे बाटली आणि दोन कापडे ठेवली की डाग ओला करून उचलता येतो. खंडेनवमीला हार बांधताना तार बॉनेटला लागू देऊ नये, आणि पांढऱ्या गाडीवर कुंकू त्याच दिवशी धुऊन टाकावे.

डॅशबोर्डला तुकतुकीत सिलिकॉनचे पॉलिश लावू नये, त्याचे प्रतिबिंब काचेत पडून रस्ता नीट दिसत नाही. टायरला पाण्यावर आधारित ड्रेसिंग पुरते.

पैसे मर्यादित असतील तर क्रम असा लावावा: चांगले मिट आणि टॉवेल, दोन बादल्या, शाम्पू किंवा रिन्सलेस, आणि मग संरक्षक थर. पॉलिशर सगळ्यांत शेवटी. गाडी पुसायला माणूस ठेवला असेल तर हीच सामग्री त्याच्या हातात द्यावी. एका बादलीने आणि एका फडक्याने वीस गाड्या उरकाव्या लागत असताना त्याच्याकडून वेगळी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आपल्या गाडीची कापडे वेगळ्या रंगाची द्यावीत, ती दर आठवड्याला आपणच धुवावीत, आणि रोजची कोरडी पुसणी थांबवून त्याच पगारात आठवड्यातून दोनदा ओली पुसणी करायला सांगावे.