जू कोणाच्या मानेवर आहे?

डोळे मिटा आणि उघडा. तुम्ही यरुशलेमच्या मंदिराच्या अंगणात आहात. साल इ.स.पू. ५९४ च्या आसपासचं, महिना पाचवा, म्हणजे ऐन उन्हाळा. अंगावरचा जाडाभरडा अंगरखा घामाने पाठीला चिकटलाय. फरशी तव्यासारखी तापलीय, एका जागी फार वेळ उभे राहू नका. वेदीवर चरबी जळतेय, तिचा धूर थेट घशात जातोय. त्यात धूपाचा गोडसर वास आणि मेंढरांचं ओरडणं. समोरचे दोन पितळी खांब उन्हात इतके झळकतायत की डोळे किलकिले करावे लागतात.

गर्दीत शिरा. कोपर मारायला लाजू नका, इथे सगळेच मारतात. शेजारच्या म्हातारीने ओढणीच्या टोकात चार अंजिरं बांधलीत. त्यातलं एक ती तुमच्या हातावर ठेवते. "माझा पोरगा लोहार," ती म्हणते. "बाबेलवाले घेऊन गेले." बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने शहरातले लोहार नेले, कारागीर नेले, कोवळा राजा नेला, मंदिरातली भांडीही नेली. आता नांगराचा फाळ पाजवायला धड माणूस उरलेला नाही. प्रत्येक घरात कुणाची तरी वाट पाहणं चालू आहे.

तेवढ्यात गिबोनचा संदेष्टा हनन्या पुढे येतो. आवाज कसा खणखणीत! परमेश्वराने बाबेलचं जू मोडलंय, तो सांगतो. दोन वर्षांत राजा परत, भांडी परत, नेलेली माणसंही परत. अंगण दणाणून उठतं. म्हातारी तुमचा दंड घट्ट धरते आणि रडू लागते. खरं सांगा, तुम्हीही ओरडलात ना? ओरडणारच. इतकी गोड बातमी कोणाला नको असते?

मग गर्दी थोडी फाकते आणि दुसरा संदेष्टा, यिर्मया, दिसतो. त्याच्या मानेवर लाकडी जू आहे, बैलाच्या मानेवर असतं तसंच. बाबेलपुढे मान तुकवा, तरच जगाल, हे सांगायला तो ते घालून फिरतोय. तुम्ही अगदी जवळ आहात म्हणून दिसतं, लाकूड घासून त्याच्या खांद्याची कातडी सोलवटलीय. त्यावर माशी बसते, तो ती हाकलत नाही. या माणसाला मारहाण झालीय, खोड्यात अडकवलंय. त्याच्या अनाथोथ गावच्या लोकांनीच त्याच्या जिवावर उठायचं ठरवलं होतं.

तो हनन्याला काय म्हणतो? "आमेन." परमेश्वर तसंच करो. त्यालाही माणसं परत यायला हवी आहेत. पण तो आठवण करून देतो: पूर्वीचे संदेष्टे युद्ध, दुष्काळ आणि रोगराई यांचे इशारे देत आले. शांतीचं भाकीत करणारा खरा की खोटा, हे त्याचा शब्द पुरा झाल्यावर कळेल.

हनन्या झेप घेतो, जू ओढून काढतो आणि मोडतो. कडाड! एक ढलपी उडून तुमच्या पायाशी पडते. पुन्हा जल्लोष. सगळ्यांचे डोळे यिर्मयाकडे लागलेत.

तो काहीच बोलत नाही. वळतो आणि निघून जातो. देवाकडून नवा शब्द आलेला नसताना पदरचा शब्द जोडून भांडायचं नाही, एवढा त्याचा देवावर भरवसा. शब्द पुढे येतो: लाकडाचं जू मोडलंस, आता लोखंडाचं येईल. दोन महिन्यांत हनन्या मरतो. दोन वर्षं सरतात, कोणी परतत नाही. पुढे शहर जळतं.

पण त्या दुपारी तुम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, जे डोळ्यांसमोर होतं. एकाचा शब्द गर्दीला हवा तसा होता आणि त्याला त्याची काही किंमत मोजावी लागली नाही. दुसऱ्याचा शब्द त्याच्याच मानेवर जखम करून बसला होता आणि तरीही तो थांबायला तयार होता.

परत या आता. अंजिराचा चिकटपणा अजून बोटांवर असेल. यापुढे देवाचं नाव घेऊन कोणी मनासारखं बोलू लागला, तर जल्लोषात सामील होण्याआधी एकदा त्याच्या मानेकडे पाहा.