हॅरिस शिल्ड : मुंबईच्या शालेय क्रिकेटची शतकाहून जुनी परंपरा

मुंबई : मुंबईतील आंतरशालेय क्रिकेटची हॅरिस शिल्ड ही देशातील सर्वांत जुन्या शालेय क्रीडा स्पर्धांपैकी एक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सुरू झालेली ही स्पर्धा १६ वर्षांखालील मुलांसाठी असून मुंबई शालेय क्रीडा संघटना तिचे आयोजन करते. त्यानंतर सुरू झालेली गाइल्स शिल्ड ही १४ वर्षांखालील मुलांची स्पर्धा तिची धाकटी बहीण समजली जाते. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांच्या ६६४ धावांच्या भागीदारीमुळे हॅरिस शिल्डचे नाव देशभर पोहोचले. मात्र या स्पर्धेचा इतिहास धावांच्या विक्रमांपुरता मर्यादित नाही. क्रिकेट खेळू इच्छिणाऱ्या मुलाने कोणत्या शाळेत प्रवेश घ्यावा, हा प्रश्न मुंबईतील अनेक कुटुंबांसमोर याच स्पर्धेने उभा केला.

नावामागील इतिहास

स्पर्धेला मुंबई प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांचे नाव देण्यात आले. १८५१ मध्ये त्रिनिदाद येथे जन्मलेले हॅरिस इंग्लंडच्या कसोटी संघाचे कर्णधार होते. १८९० ते १८९५ या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते. भारतीय क्रिकेटचे प्रवर्तक म्हणून त्यांचा अनेकदा गौरव केला गेला असला, तरी इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्यासारख्या अभ्यासकांनी या प्रतिमेवर प्रश्नचिन्ह लावले आहे. १८९३ मध्ये मुंबईत धार्मिक दंगल उसळली असताना गव्हर्नर पुण्यातच राहिले, अशी टीका त्यांच्यावर त्या काळीच झाली होती.

त्या काळातील मुंबईचे प्रौढांचे क्रिकेट धर्म आणि वंश यांनुसार विभागलेले होते. १८९२ पासून युरोपीय विरुद्ध पारशी असे सामने नियमितपणे होऊ लागले. हिंदूंच्या प्रवेशाने १९०७ मध्ये ही स्पर्धा तिरंगी, मुस्लिमांच्या प्रवेशाने १९१२ मध्ये चौरंगी आणि १९३७ मध्ये पंचरंगी झाली. १९४६ नंतर ती कायमची थांबली. हॅरिस शिल्डमध्ये संघ उतरत तो शाळेच्या नावाने. शाळाही बहुधा विशिष्ट समाजाच्या किंवा मिशनच्या असल्या, तरी वर्गात बसणारा विद्यार्थी हीच संघात येण्याची अट होती. त्यामुळे पंचरंगी स्पर्धा इतिहासजमा झाल्यावरही शालेय शिल्ड टिकून राहिली.

फोर्टमधून दादरकडे

प्रारंभीच्या काळात दक्षिण मुंबईतील शाळांना या क्रिकेटमध्ये मोठे महत्त्व होते. आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल ही मैदाने या शाळांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. भारताचे थोर फलंदाज विजय मर्चंट हे भरडा न्यू हायस्कूलचे विद्यार्थी होते. धोबी तलाव परिसरातील सेंट झेवियर्स हायस्कूलमध्ये सुनील गावसकर घडले. १९६६ मध्ये त्यांची देशातील सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू म्हणून निवड झाली होती.

पुढे मध्यमवर्गीय मराठी वस्तीच्या दादर-माटुंगा पट्ट्यातील शाळा पुढे आल्या. दिलीप वेंगसरकर किंग जॉर्ज शाळेत, तर संदीप पाटील बालमोहन विद्यामंदिरात शिकले. १९७७ मध्ये रवी शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेने प्रथमच गाइल्स शिल्ड जिंकली. शिवाजी पार्कवर प्रशिक्षण देणारे रमाकांत आचरेकर यांच्या मार्गदर्शनाखाली दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराने शालेय क्रिकेटमध्ये दबदबा निर्माण केला.

सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचा विद्यार्थी होता. थोरले बंधू अजित यांनी १९८४ मध्ये त्याला आचरेकर सरांकडे नेले. शालेय स्पर्धांमध्ये भक्कम संघातून भरपूर सामने खेळायला मिळावेत, यासाठी सरांनी त्याला शारदाश्रममध्ये प्रवेश घेण्याचा सल्ला दिला. खेळासाठी शाळा बदलण्याचे हे उदाहरण पुढे अनेक पालकांनी गिरवले.

६६४ धावांची भागीदारी

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रम आणि सेंट झेवियर्स हायस्कूल यांच्यात हॅरिस शिल्डचा उपांत्य सामना झाला. शारदाश्रमचे दोन गडी ८४ धावांत बाद झाल्यानंतर तेंडुलकर आणि कांबळी एकत्र आले आणि त्यानंतर शारदाश्रमचा एकही गडी बाद झाला नाही. दोन बाद ७४८ धावांवर डाव घोषित झाला तेव्हा कांबळी ३४९ आणि तेंडुलकर ३२६ धावांवर नाबाद होते. डाव घोषित करण्याचे सीमारेषेबाहेरून होणारे इशारे दोघांनी न पाहिल्यासारखे केले आणि अखेर आचरेकर सरांच्या आदेशानेच ते थांबले, ही हकिकत त्यांनी नंतर अनेकदा सांगितली. सेंट झेवियर्सचा डाव १४५ धावांत आटोपला. त्यात कांबळीने ३७ धावांत सहा बळी घेतले. अंजुमन-ए-इस्लाम शाळेविरुद्धच्या अंतिम सामन्यात तेंडुलकरने नाबाद ३४६ धावा केल्या.

कोणत्याही दर्जाच्या क्रिकेटमधील ती त्या वेळची सर्वांत मोठी भागीदारी होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १५ वर्षांच्या तेंडुलकरने गुजरातविरुद्ध रणजी पदार्पणातच शतक केले आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये तो कराचीत कसोटी खेळला. शालेय मैदानावरून भारतीय संघापर्यंतचे अंतर २१ महिन्यांत पार झाले होते.

या सामन्यातील आणखी दोन मुलांची नोंद घेणे आवश्यक आहे. शारदाश्रमचा पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत राहिला. पुढे त्याने प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११ हजारांहून अधिक धावा केल्या, मात्र भारतीय संघात त्याला कधीही स्थान मिळाले नाही. सेंट झेवियर्सच्या गोलंदाजांमध्ये साईराज बहुतुले होता. दोन दिवस मार खाल्लेला हा लेगस्पिनर २००१ मध्ये भारतासाठी कसोटी खेळला.

उपनगरांची स्पर्धा

शहर उत्तरेकडे वाढले तसे शालेय क्रिकेटचे केंद्रही सरकत गेले. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी रोहित शर्मा या मुलाला आपल्या शाळेत आणले. घरची परिस्थिती शुल्क भरण्यासारखी नसल्याने शाळेने त्याचे शुल्क माफ केले. सुरुवातीला तो ऑफस्पिन गोलंदाज म्हणून ओळखला जात होता. लाड यांनी त्याला सलामीला पाठवले आणि शालेय क्रिकेटमध्ये त्याने शतक झळकावले. पालघरच्या शार्दूल ठाकूरसाठी रोजचा प्रवास अवघड असल्याने लाड यांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. हॅरिस शिल्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारण्याची कामगिरी शार्दूलच्या नावावर आहे.

वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळेने त्यानंतर विक्रमांची मालिकाच उभी केली. २००९ मध्ये १२ वर्षांच्या सर्फराज खानने हॅरिस शिल्डमध्ये ४३९ धावा केल्या. २०१० मध्ये अरमान जाफरने गाइल्स शिल्डमध्ये ४९८ धावांची खेळी केली. २० नोव्हेंबर २०१३ रोजी पृथ्वी शॉने सेंट फ्रान्सिस डी'असिसी शाळेविरुद्ध हॅरिस शिल्डमध्ये ५४६ धावा केल्या. त्याने ३३० चेंडूंत ८५ चौकार आणि ५ षटकार मारले. तेंडुलकरने वानखेडे स्टेडियमवर अखेरची कसोटी खेळून अवघे चार दिवस झाले होते. शॉ विरारहून लोकलने प्रवास करून खेळायला येत असे. २०१८ मध्ये त्याने कसोटी पदार्पणात शतक केले. सर्फराजला कसोटीची संधी मिळण्यासाठी मात्र २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली.

विक्रमांची दुसरी बाजू

प्रचंड धावसंख्या हा शालेय क्रिकेटचा गौरव मानला जातो. त्याचबरोबर ती एका जुन्या दोषाकडेही बोट दाखवते. चांगले प्रशिक्षक असलेल्या शाळेकडे गुणी मुले ओढली जातात. परिणामी काही मोजके संघ बलाढ्य होतात आणि पहिल्या फेऱ्यांमध्ये त्यांच्यासमोर कच्चे संघ येतात. हे चित्र केवळ मुंबईचे नाही. २००६ मध्ये हैदराबादमधील १३ वर्षांखालील आंतरशालेय सामन्यात सेंट पीटर्स हायस्कूलच्या सलामीच्या जोडीने ७२१ धावांची अभेद्य भागीदारी करून ६६४ धावांचा विक्रम मोडला. प्रतिस्पर्धी संघ २१ धावांत बाद झाला.

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई क्रिकेट संघटनेच्या भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धेत कल्याणच्या के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या. इंग्लंडमधील शालेय खेळाडू ए. ई. जे. कॉलिन्स यांचा १८९९ मधील नाबाद ६२८ धावांचा विक्रम त्यामुळे मागे पडला. के. सी. गांधी शाळेने तीन बाद १,४६५ धावांवर डाव घोषित केला. आर्य गुरुकुल शाळेचे डाव ३१ आणि ५२ धावांत संपले आणि सामना एक डाव व १,३८२ धावांनी निकाली निघाला. रिक्षाचालकाच्या या मुलाच्या जिद्दीचे देशभर कौतुक झाले. त्याच वेळी अशा लढतीतून पराभूत संघातील मुले नेमके काय शिकतात, असा प्रश्नही विचारला गेला. विक्रमानंतरच्या अपेक्षांचे ओझे लहान नव्हते. मुंबई क्रिकेट संघटनेने धनावडेला दिलेली मासिक शिष्यवृत्ती २०१७ मध्ये कुटुंबाच्याच विनंतीवरून थांबवण्यात आली.

आजचे महत्त्व

वयोगटांच्या निवड चाचण्या, खासगी अकादमी आणि वीस षटकांच्या लीग यांमुळे गुणवत्तेचा शोध घेण्याचे मार्ग आज वाढले आहेत. तरीही एकापेक्षा अधिक दिवस चालणारा सामना, लाल चेंडू आणि शाळेच्या नावाची जबाबदारी यांचा अनुभव मुंबईच्या मुलाला बहुधा याच शिल्डमध्ये प्रथम मिळतो. लांब खेळी करण्याची आणि पुन्हा नव्याने डाव सुरू करण्याची सवय, ज्याला मुंबईच्या क्रिकेटमध्ये ‘खडूस’पणा म्हणतात, तिची पायाभरणी शालेय मैदानांवर होते.

रमाकांत आचरेकर यांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री प्रदान करण्यात आली. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या संघात पॅड बांधून ताटकळलेला अमोल मुझुमदार पुढे प्रशिक्षक झाला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून प्रथमच एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा संघाचे मुख्य प्रशिक्षक मुझुमदार हेच होते. १९८८ च्या त्या धावफलकावर त्यांच्या नावापुढे एकही धाव नव्हती.